अकोल्याच्या लेकीला गरम होतं

अमरावतीत माझं कूलर बनवायचं दुकान आहे. पत्र्याची बॉडी, आत पंप आणि पंखा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. होळीपासून पाऊस लागेपर्यंत आम्हाला जेवायला फुरसत नसते. उरलेलं वर्ष जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरण्यात जातं. हे आधी सांगतो, कारण ज्याच्या हातून अर्ध्या वस्तीला गारवा मिळाला, त्या माणसाच्या स्वतःच्या घरात मधले दोन-तीन उन्हाळे कूलर नव्हता. आणि त्याला याची लाज नव्हती, उलट अभिमान होता.

माझी बायको अकोल्याची. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. उन्हाळ्यात पेपरात आपल्या गावाच्या तापमानाचा आकडा सगळ्यांत वर आला की अकोल्याची माणसं, पोरगं बोर्डात आल्यासारखी खूश होतात. आमची अमरावती काही थंड हवेचं ठिकाण नाही, पण अकोल्याचे पाहुणे मे महिन्यात आमच्याकडे आले की मुद्दाम म्हणणार, "तुमच्या इथं तं बरं हाये बाप्पा, आमच्याकडे उन्हानं कावळे पडून राह्यले."

लग्न झालं तेव्हा मात्र तिला कूलर लागायचा. नुसता लागायचा नाही, त्यावरून भांडणं व्हायची. झोत तिच्याकडे की माझ्याकडे, पाणी कोणी भरायचं, ताट्या बदलायला उशीर का झाला. मग एका उन्हाळ्यात ती म्हणाली, "बंद करा न तो. अंगात थंडी भरून राह्यली." मला गंमत वाटली. पुढच्या उन्हाळ्यात ती भरदुपारी शाल घेऊन बसू लागली. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो.

"मिस्त्री, तुमच्या घरी कोणता कूलर हाये?" गिऱ्हाईक विचारायचं.

"घरी कूलरच नाई. मालकीण अकोल्याची हाये. तिले हे ऊन म्हंजे हिवाळा."

लोक हसायचे. धंद्याच्या माणसाला हसणारं गिऱ्हाईक आवडतं, म्हणून मी तो विनोद जपून ठेवला, दर उन्हाळ्यात नव्यानं वापरला. घरचा कूलर तर कधीच गेला होता. एकाच्या घरी लग्न होतं, दुकानातला माल संपलेला, त्यानं गळ घातली. मी घरी जाऊन स्टँडवरचा आमचा कूलर उतरवला आणि त्याच्या गाडीत ठेवला. ती दारात शाल लपेटून उभी होती. म्हणाली, "न्या." एवढंच. पूर्वीची ती असती तर तिनं त्या माणसासमोर माझी सालटी काढली असती.

खरी कबुली इथं आहे. कूलर विकला याचं मला तितकं वाईट वाटत नाही. ती गप्प झाली, याचं मला बरं वाटलं, हे मला टोचतं.

तिचं तोंड म्हणजे धारेचा विळा होता. भाजीवाल्यापासून माझ्या थोरल्या भावापर्यंत सगळे तिला वचकून असत. तेच तोंड हळूहळू बोथट झालं. आवाज जड झाला, जणू नुकतीच झोपेतून उठलीय. वाक्य सुरू करायची आणि मध्येच सोडून द्यायची. चेहरा भरल्यासारखा दिसू लागला. अंग धरलं, मी म्हणालो, सुखानं अंग धरतंच. भुवयांची टोकं विरळ झाली तेही मी पाहिलं होतं, पण पाहून पुढे काही केलं नाही. मी उशिरा आलो तरी ती बोलत नसे. मी विसरलो तरी बोलत नसे. मी मित्रांना म्हणायचो, वय झालं की बायका शांत होतात रे, धीर धरा. पंख्याचा आवाज नुसता ऐकून त्याचं बेअरिंग गेलं की कपॅसिटर, हे मी रस्त्यावरून सांगतो. घरातलं एक यंत्र रोज थोडं थोडं मंद होत होतं आणि मी त्याला शांतता समजत होतो.

त्या मे महिन्यात ती सरगुंडे करायला माहेरी गेली. आमच्याकडे आमरसासोबत खायला गव्हाचे सरगुंडे लागतात. घट्ट पिठाची लांब दोरी काढायची, काडीवर गुंडाळायची आणि उन्हात वाळवायची. घरच्या, शेजारच्या बाया मिळून बसतात आणि तोंडं हातांपेक्षा जास्त चालतात. लग्नाआधीपासून तिच्या हाताचा वेग सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होता. मी सोबत गेलो नाही. हंगाम होता.

एके दिवशी सकाळीच अकोल्याहून तिच्या मोठ्या भावाचा फोन आला.

"जवाईबुवा, बाई पडली."

"कुठं पडली?"

"गच्चीवर. सरगुंडे करता करता बसल्या जागी कलंडली. ऊन लागलं तिले. तुमी घाबरू नका, आमी सगळं करून राह्यलो."

मी खरंच घाबरलो नाही. मे महिन्यात वऱ्हाडात माणूस पडलं की ऊन लागलं, यात विचार करण्यासारखं काय असतं? मीच फोनवर सांगितलं, ओलं फडकं ठेवा, कांद्याचा रस तळपायाला चोळा, कूलरसमोर निजवा. त्यांनी सगळं तसंच केलं. तो कूलर मीच बनवून त्यांना पाठवलेला, मोठा, दमदार. ती त्याच्यासमोर ओल्या फडक्यांत पडली होती आणि तिचे ओठ निळसर होत होते. माझी सासू तेवढी म्हणत होती, "अरे, पोरगी बर्फावानी थंड लागून राह्यली. ऊन लागलेलं मानूस असं थंड राह्यते का?" तिचं कोणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं बायको पुन्हा बेशुद्ध झाली तेव्हा भावानं तिला उचलून गाडीत घातलं.

मी माल पोचवायच्या टेम्पोतून निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मला रस्ता आठवत नाही. काच उघडी होती आणि भट्टीसारखा वारा तोंडावर येत होता. पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं की या वाऱ्यात शाल घेऊन बसणारं माणूस धडधाकट कसं असेल?

अकोल्याच्या दवाखान्यात ती काचेच्या खोलीत होती. छातीला वायरी लावलेल्या, उशाशी पडदा, त्यावर हिरवी रेघ. मी वायरींचा माणूस, मला रेघ लगेच दिसली. एक उंच टोक यायचं आणि मग सपाट रेघ चालत राहायची, चालत राहायची, आणि वाटायचं आता पुढचं टोक येणार नाही. मग यायचं. मधूनच एखादं खरंच यायचं नाही.

तिच्या भावानं बाहेर मला गाठलं. डोळे लाल होते त्याचे. "पहिल्या डॉक्टरनं सांगतलं, हार्टचा करंट अडकून राह्यला. छातीत मशीन बसवा लागते. मी नागपूरले गाडी सांगून ठेवली. तुमी फक्त हो म्हना."

तेवढ्यात हृदयाच्या डॉक्टरीणबाई आल्या. आमच्याच वयाच्या, बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. त्यांनी कागदाची लांब पट्टी पाहिली, मग पट्टी बाजूला ठेवून बायकोकडेच पाहत बसल्या. तिचा हात उलटासुलटा केला. कोरडी, खरखरीत कातडी. पायाच्या टाचेमागे लहानसा हातोडा मारला. पाऊल हललं आणि आळस करत परत जागेवर आलं. तिची शाल उचलून आम्हाला दाखवली.

"बाहेर इतकी आग आहे आणि यांना शाल लागते. कधीपासून?"

तिचा भाऊ अभिमानानंच म्हणाला, "मॅडम, आमची पोरगी अकोल्याची हाये. तिले ऊन लागत नाई."

बाईंनी शाल परत तिच्या अंगावर टाकली. "मीही अकोल्याचीच आहे. मला घरी एसी लागतो, गाडीत लागतो, इथंही लागतो. ऊन न लागणारा माणूस अकोल्यात अजून जन्मला नाही, भाऊ."

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज? जाड झाला. बोलणं? कमी झालं. वजन? वाढलं. झोप? खूप. प्रत्येक उत्तराला मी मान हलवत होतो आणि प्रत्येक वेळी मान थोडी खाली जात होती. शेवटी त्यांनी विचारलं, "इतकं सगळं लक्षात होतं, मग आणलं का नाही?"

मी म्हणालो, "मले वाटलं, शांत झाली."

त्यांनी रक्त तपासायचा कागद लिहायला घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रक्त तपासायला गेलं आणि त्यांनी आम्हाला बाकावर बसवून समजावलं. हृदयाची स्वतःची वीज असते. वरच्या कप्प्यात एका जागी ठिणगी पडते, ती ठरलेल्या वाटेनं खाली उतरते, मग ठोका पडतो. ठिणगी किती वेगानं पडावी आणि वाटेनं किती सहज जावी, यावर गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा अंमल चालतो. तिचा रस कमी पडला की सगळं अंग थंड आणि मंद होतं, ठिणग्या उशिरा पडतात, क्वचित वाटेतच अडकतात. मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो. रस जास्त झाला की उलटं. हृदय उधळलेल्या बैलासारखं धावतं, ताल सोडतं.

"म्हंजे मोटार जळाली नाई?" मी विचारलं.

"मला वाटत नाही जळाली."

"वायरिंग?"

"तेही शाबूत असावं."

"मग रेग्युलेटर एकवर आलाय."

त्या पहिल्यांदा हसल्या. "असंच समजा. पण माझा अंदाज चुकला आणि वायरिंगच खराब निघालं, तर मशीन बसवावंच लागेल. ते मी अडवणार नाही. तोवर गरज पडली तर बाहेरून ठोका देण्याची सोय पलंगाजवळ ठेवली आहे. तुम्ही नागपूरची गाडी थांबवून ठेवा, परत पाठवू नका."

तो दिवस मावळेपर्यंतचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब वेळ. ओल्या फडक्यांच्या जागी तिच्यावर आता ब्लँकेटं होती. मी काचेतून हिरव्या रेघेकडे पाहत होतो. प्रत्येक सपाट जागेत मी एकेक शपथ घेत होतो. हिचं तोंड पुन्हा चालू दे, मी उलट बोलणार नाही. हिला भांडू दे. माझ्या भावासमोर भांडू दे. गिऱ्हाइकासमोर भांडू दे.

संध्याकाळी बाई कागद घेऊन आल्या. लांबूनच त्यांची चाल पाहून मला कळलं. "थायरॉईड जवळजवळ बंदच आहे," त्या म्हणाल्या, आणि इतकी वाईट बातमी मी कोणाच्या तोंडून इतक्या आनंदानं ऐकली नव्हती. "याला औषध आहे. गोळी आहे, एवढीशी. पण हळू. रेग्युलेटर एकदम पाचवर न्यायचा नाही, थकलेल्या हृदयाला झेपणार नाही. अर्ध्या-अर्ध्यानं वर चढायचं."

तिच्या भावानं तिथंच नागपूरची गाडी रद्द केली आणि मग कोपऱ्यात जाऊन रडला. मी रडलो नाही. मला रडायचा हक्क आहे असं वाटेना.

चमत्कार झाला नाही. पण काही दिवसांत त्या हिरव्या रेघेवरची टोकं जराशी जवळ सरकली. मग अडकलेला ठोका दिसेनासा झाला. एके सकाळी परिचारिका तिला म्हणाली, "ताई, आज नाडी छान आहे," आणि बायकोनं विचारलं, "मंग काल का वाईट होती?" परिचारिका गोंधळली. मी दारात उभा राहून मनात टाळ्या वाजवल्या. विळ्याला धार येऊ लागली होती.

घरी आल्यावर खरी लढाई चहाची. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे बराच वेळ चहासुद्धा नाही. वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय, ते वऱ्हाडातलाच जाणे. आमच्याकडे डोळे उघडायच्या आधी चहा उकळतो. पहिले काही दिवस ती गोळी तोंडात टाकायची आणि चहाच्या भांड्याकडे शत्रूसारखी बघायची. मग मीही थांबू लागलो. दोघं ओट्यावर बसून घड्याळाकडे पाहायचो. आधी नुसतेच बसायचो. पुढे त्या वेळेत ती बोलू लागली. आधी शेजाऱ्यांबद्दल, मग माझ्या बहिणींबद्दल, आणि एक दिवस माझ्याबद्दल.

"तुमी कूलर इकला तवा मी काहीच नाई म्हटलं. तुमाले काहीच नाई वाटलं?"

"वाटलं, तुले नको हाये."

"मले काहीच नको होतं तवा. खाणं नको, बोलणं नको. बसल्या बसल्या भिंत झाल्यावानी वाटे. तुमी भिंतीले खुंटी ठोकली अन् चालले दुकानात."

चहा उकळायची वेळ झाली होती. त्या दिवशी चहा मी केला. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर काय दुकानात इसरले का?"

तपासणीसाठी आम्ही अकोल्याला जात राहिलो. एकदा बाकावर आमच्या शेजारी हिवरखेडचा एक शेतकरी बसला होता. उंच, हाडं निघालेली, डोळे मोठे, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याचा रस जास्त झाला होता. चार माणसांचं जेवतो तरी वाळून राह्यलो, तो सांगत होता, आणि छातीत ट्रॅक्टर सुरू असल्यासारखं वाटते. बाहेर थंडी पडलेली आणि हा म्हणतोय, "पंखा लावा न कोणी!" बायको तेव्हा बरी होत होती, पण पुरती नाही. ती म्हणाली, "भाऊ, पंख्याचं नाव काढू नका." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं हसायला लागले. "बाई," तो म्हणाला, "तुमची थंडी थोडी मले द्या, माझी गर्मी थोडी तुमी घ्या, दोघंबी घरी जाऊ." आत डॉक्टरीणबाईंनाही ते हसणं ऐकू गेलं असणार.

त्याच भेटीत बाईंनी दोन पट्ट्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या. एक पहिल्या दिवसाची, एक त्या दिवसाची. पहिली म्हणजे ओसाड माळावर लांबलांब उभे असलेले विजेचे खांब. दुसरी म्हणजे पेरणी झालेलं शेत, ओळीत, सारख्या अंतरावर. "मशीनची गरज नाही," त्या म्हणाल्या. "गोळी मात्र कायमची. चुकवायची नाही." बायकोनं पहिली पट्टी उचलून बराच वेळ पाहिली. "ही मी होती?" तिनं विचारलं. मग ती पट्टी उलटी करून ठेवली.

आणि पुन्हा मे आला. मी दुपारी जेवायला घरी गेलो. ती मधल्या खोलीत पंख्याखाली उभी होती. पदरानं वारा घेत होती. कपाळावर घाम होता. खरा घाम, थेंब-थेंब, भुवयांवर येऊन थांबलेला, आणि भुवया पुन्हा टोकांपर्यंत भरलेल्या.

"बाप्पा बाप्पा," ती म्हणाली, "जीव घेते का काय ही गर्मी!"

मी दारातच थांबलो.

"असे काय पायता? गरम होऊन राह्यलं मले! सगळ्या अमरावतीले कूलर बनवून देता अन् बायकोले हा किरकिरा पंखा? कोण्या शहाण्यानं घरचा कूलर इकला?"

"म्या."

"मंग उभे काहून हा? जा न!"

मी जेवलो नाही. दुकानात सगळ्यांत मोठा कूलर तयार होता, एका गिऱ्हाइकाचा. ते गिऱ्हाईकही नेमकं समोर उभं, नेण्यासाठी आलेलं. मी माणसांना म्हटलं, हा माझ्या घरी न्या. "आन् माझा?" गिऱ्हाईक ओरडलं.

"उद्या देतो. मालकिणीले गरम होऊन राह्यलं."

"काय सांगता मिस्त्री! तुमची मालकीण तं अकोल्याची न?"

"हो!" मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "अकोल्याचीच हाये! अन् तिले गरम होऊन राह्यलं!"

घरी तो कूलर खिडकीत बसवला, टाकी भरली, बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर गेला. ती बरोबर झोतासमोर खुर्ची ओढून बसली, केस उडत होते, एका हातात फोन, अकोल्याला भाऊ. "दादा, मले गर्मी होऊन राह्यली," ती सांगत होती, आणि पलीकडून तो साऱ्या घराला ओरडून सांगत असलेला मला इकडे ऐकू येत होता. मग माझ्या सासूचा आवाज आला, आणि दोघी मायलेकी एकाच वेळी बोलू लागल्या.

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. केलेलं काही पुसलं जात नाही, हे मला माहीत आहे. पण तेवढ्यापुरतं मला माझ्याबद्दल काही वाटत नव्हतं, फक्त वारा लागत होता.

तिनं फोन बाजूला धरला. फरशीकडे बोट दाखवलं. घाईत बसवलेल्या पंपाच्या पाइपमधून पाण्याची बारीक धार माझ्या पायापर्यंत आली होती.

"हे पाणी गळून राह्यलं," ती म्हणाली. "मिस्त्री कोण हाये याचा?"